पाण्याचा भांग

‘वॉटरशेड’ दिसलं की माझा हात आपोआप ‘पाणलोट क्षेत्र’ टाइप करायचा. जलसंधारणाच्या एका प्रशिक्षण पुस्तिकेचं भाषांतर आलं, तेव्हाही तेच केलं.

पुढे त्याच पुस्तिकेच्या शिवारफेरीला मलाही नेलं. संगमनेरकडचं गाव, मे महिना. माझं वाक्य होतं, ‘पाणलोट क्षेत्रावरून चालत खुणा करा.’ ते वाचून माणसं सरळ ओढ्याकडे उतरली. मूळ इंग्रजी पान हातात असलेला प्रशिक्षक मात्र वर डोंगराकडे हात करून ओरडत होता. मला काही कळेना. शेवटी एक बाबा म्हणाले, “ताई, पाणी फुटतं त्या धारंवरनं चाला, असं म्हणायचंय का? हिकडं पडलं तर आपलं, तिकडं पडलं तर पल्याडच्या गावाचं.”

अगदी तेच म्हणायचं होतं! पुस्तिका लिहिणारा ब्रिटिश. त्याच्या इंग्रजीत ‘वॉटरशेड’ म्हणजे पाणी विभागणारी डोंगरमाथ्याची धार. अमेरिकेत मात्र त्या धारेच्या आतला, एकाच ओढ्याला पाणी देणारा सगळा प्रदेश. आपल्या सरकारी योजनांनी हा दुसरा अर्थ उचलला.

रात्री कोश उघडून बसले. इतकी वर्षं मला त्यातली ‘शेड’ गोठ्यावरच्या पत्र्यासारखीच वाटत आली होती. तिचा इथे काही संबंध नाही. जर्मनमध्ये ‘वासरशाइड’, म्हणजे पाण्याची विभागणी, असा शब्द होता. त्याच्या वळणावर इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपला शब्द घडवला. ‘शेड’चा जुना अर्थ वेगळं करणं. उत्तर इंग्लंड-स्कॉटलंडच्या बोलीत केसांच्या भांगालाही ‘शेड’ म्हणत. हे वाचलं आणि डोळ्यांसमोर सह्याद्री आला. महाबळेश्वरला कृष्णा आणि सावित्री शेजारीशेजारी उगम पावतात. एक बंगालच्या उपसागराला जाते, दुसरी अरबी समुद्राला. मधोमध भांग पाडल्यासारखी धार.

दुसऱ्या दिवसापासून एकेक वाक्य तपासलं. सतरा ठिकाणी ‘क्षेत्र’ काढून ‘पाणी फुटते ती धार’ लिहिलं. संपादकांना ‘जलविभाजक’ हवा होता. भूगोलाच्या पुस्तकात तो ठीक आहे, पण उन्हात कागद धरून चालणाऱ्याला नाही, यावर मी अडून बसले. तडजोड म्हणून तो कंसात गेला.

बाबांना ती भांगाची गोष्ट सांगितली, तर म्हणाले, “मग ओढा म्हंजी वेणी का?”