११३ नंबर

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात माळा झाडायचा, हा आमच्या घरचा नेम. पाऊस तोंडावर आलेला असतो. वर्षभर वर टाकलेल्या वस्तूंचं उंदरांनी काय काय केलंय ते बघायचं, हळहळायचं आणि बहुतेक सगळं पुन्हा तिथंच ठेवून खाली उतरायचं, इतकंच ते काम. यंदा फुटक्या कंदिलाखाली एक लाल पुठ्ठ्याची वही सापडली. दुधाच्या रतिबाची. आजोबांच्या हातचं ‘सोम – दीड, मंगळ – दीड, बुध – पाहुणे, दोन’ असं जानेवारीपासून एप्रिलपर्यंत शिस्तीत चाललेलं आणि मग एकदम माझं अक्षर:

‘१ कॉन्ट्रा. २ मारिओ. ३ टँक. ४ सर्कस. ५ कार. ६ टँक. ७ मारिओ (पुढून सुरू). ८ कॉन्ट्रा (लाइफ जास्त). ९ टँक.’

अशी व्हिडिओ गेमची यादी थेट १६८ पर्यंत. ज्यांना कळलं त्यांना कळलं.

माळ्यावर उकडून जीव जात होता, तरी तिथंच पत्र्याच्या ट्रंकेवर बसून मी ती वाचत राहिलो. खाली पडवीत पुतण्या लॅपटॉप मांडून बसला होता. म्हणजे माझ्या चुलतभावाचा, बंड्याचा मुलगा. मुंबईहून आल्या आल्या त्यानं पाण्याच्या आधी वायफाय मागितलं होतं आणि आता दोन दिवस झाले, त्याचं काहीतरी ‘उतरत’ होतं. आमच्या गावच्या नेटवर्कला कसली घाई नसते.

“काय उतरवतोयस रे?” मी वरूनच विचारलं.

“नवीन पार्ट आलाय, काका. फुटबॉलचा.”

“मग मागच्या वर्षी काय खेळत होतास?”

“हेच. पण ते मागचं होतं.”

यावर मी काय बोलणार? हा फुटबॉलचा खेळ १९९३ सालापासून दर वर्षी येतोय. आधी फिफाच्या नावानं यायचा. मग खेळ काढणाऱ्या कंपनीचं आणि फिफाचं फाटलं, तेव्हा २०२३ मध्ये पाटी बदलली. दुकान तेच, गिऱ्हाईक तेच. लढाईची ‘कॉल ऑफ ड्यूटी’ २००५ पासून वर्षाला एक, न चुकता, वार्षिक श्राद्धासारखी. आणि सगळ्यात कमाल त्या ‘फायनल फँटसी’ची. १९८७ साली नावातच ‘शेवटचं’ म्हणून सांगून निघालेला हा खेळ २०२३ मध्ये सोळाव्या भागाला पोचला. आमच्याकडे पाहुणे “निघतो हां” म्हणून उठतात आणि मग खळ्यात तासभर उभ्यानं बोलतात, त्यातलाच प्रकार.

मला या पुढच्या भागांचा राग आहे. म्हणजे होता. म्हणजे आहेच, पण ती वही हातात आल्यापासून जरा पंचाईत झाली आहे.

१९९६ च्या मे महिन्यात बंड्या मुंबईहून रातराणीनं आला तेव्हा त्याच्या मांडीवर बुटांचा खोका होता. बारा-तेरा तास त्यानं तो खाली ठेवला नव्हता म्हणे. खोक्यात व्हिडिओ गेम. राखाडी डबा, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट, तिच्यावर मोठ्या अक्षरात १६८. आमचं गाव वेंगुर्ल्याच्या बाजूचं. आमच्याकडे शटरवाला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणि दिवसातून तीनदा जाणारी लाईट. तरी एकशे अडुसष्ट खेळ! मी मनातल्या मनात भागाकार केला: रोज पाच खेळले तरी बंड्या परत जाईपर्यंत संपायचे नाहीत.

ते दुसऱ्या दिवशी दुपारीच संपले. आठव्या नंबरला कॉन्ट्रा पुन्हा आला तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तिसाव्या नंबरपर्यंत सगळं कळून चुकलं होतं. मुळात खेळ वीस-बावीस, बाकी सगळी त्यांचीच पोरंबाळं. कुठं लाइफ जास्त, कुठं तिसऱ्या स्टेजपासून सुरुवात, कुठं नुसतंच नाव वेगळं. मोठी माणसं असती तर दुकानदाराला शिव्या घालून मोकळी झाली असती. आम्ही आजोबांची वही घेतली आणि हिशेब मांडला. कुठला नंबर म्हणजे मुळात कोण, कशाला फसायचं आणि कशाला नाही. इतकं मन लावून मी गणितसुद्धा कधी केलं नाही.

आणि यादी झाल्यावर आम्ही काय केलं? महिनाभर टँक खेळलो. तीन नंबर.

बॅटल सिटी हे त्याचं खरं नाव, नाम्को कंपनीचा, १९८५ चा, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. आमच्या लेखी तो टँक. विटांच्या भिंती, पांढरं लोखंड, झाडी, पाणी आणि खाली मधोमध एक गरुड, त्याला वाचवायचं. ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर झाडी आणि पाणी दोन्ही करडंच दिसायचं. जे हलतं ते पाणी, एवढी खूण. पस्तीस स्टेज आणि पस्तिसाव्यानंतर परत पहिली. पण त्यात ‘कन्स्ट्रक्शन’ नावाची एक जागा होती, तिथं आपली स्टेज आपण मांडायची. बंड्यानं तिथं आमचं घर मांडलं. विटांचा सोपा, विटांची पडवी, मागच्या बाजूला चार चौकोनांची हलणारी विहीर, कडेनं झाडी म्हणजे माड. गरुड काही जागचा हलवता येत नव्हता, आणि तो नेमका माजघराच्या ठिकाणी आला, म्हणून आम्ही त्याला आजी ठरवलं. मग दुपारभर आजीभोवती लोखंड रचायचं आणि वरून येणाऱ्या टँकपासून तिला वाचवायचं.

“आजी उडाली!” एकदा मी जोरात ओरडलो.

“कोण उडाली रे मेल्यांनो?” आतून आवाज आला. हातात फणस कापायचा कोयता, बोटांना खोबरेल तेल. तिनं टीव्हीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. “कालपण ह्यांच खेळत होतास मां? डोळे फुटतले.”

आणि लाईट गेली. त्या डब्याला आठवण म्हणून नव्हती. लाईट गेली की घर गेलं. दुसऱ्या दिवशी बंड्या पुन्हा पहिल्यापासून मांडायचा, आणि दर वेळी काहीतरी इकडचं तिकडे व्हायचं. एकदा विहीरच राहिली. एकदा मागचं दार इतकं मोठं ठेवलं की पहिला टँक थेट आजीपर्यंत. ते मात्र मला कधी ‘तेच ते’ वाटलं नाही. का वाटलं नाही, ते माळ्यावर बसून आठवायचा प्रयत्न केला, तर खालून पुतण्या म्हणाला, “काका, चौसष्ट टक्के झालं.”

आजी आम्हाला ‘कालचंच’ म्हणून बोलायची ते ठीक. पण तिचं स्वतःचं काय होतं? जत्रेत दशावतार बघायला रात्री जेवून बसायची ती फटफटीपर्यंत. आख्यान पाठ, राक्षस कोण मारणार ते माहीत, तरी पापणी हलायची नाही. संवाद लिहिलेले नसतात, तिथल्या तिथं उभे राहतात, त्यामुळं तिचा सगळा हिशेब नटावर. सकाळी चुलीपुढं निकाल लागायचा: “औंदाचो राक्षस काय बरो नाय, तेचो घसो बसलोहा.” गोष्ट जुनी झाली अशी तक्रार तिनं जन्मात केली नाही. तसं बघितलं तर विष्णूचेही दहा भागच आहेत आणि शेवटचा कधीपासून ‘लवकरच’ आहे. हे मी एकदा भजनी मंडळात बोललो, तर कुणी हसलं नाही.

पण दशावतारवाल्यांनी कधी पाटी लावली नाही की यंदा गोष्ट नवीन म्हणून. माझा राग आहे तो त्या पाटीवर. बंड्यानं पुढच्या मेमध्ये दुसरी कॅसेट आणली, तिच्यावर ‘मारिओ १४’ लिहिलेलं. एक आणि दोन सोडून थेट चौदा! आत भलताच कुठला तरी खेळ, त्यातल्या नायकाला मारिओचं डोकं बसवलेलं. आम्ही तीन दिवस बोललो नाही, म्हणजे कॅसेटशी. चोरट्या कॅसेटवाल्यांची लबाडी म्हणून मी हे कितीतरी वर्षं सांगत आलो. मग कळलं की मारिओ काढणाऱ्या खुद्द निन्टेंडो कंपनीनं हेच केलंय. मारिओचा दुसरा भाग जपानात १९८६ मध्ये आला, पण तो अमेरिकेतल्या पोरांना फार अवघड जाईल असं वाटलं. म्हणून १९८७ चा ‘डोकी डोकी पॅनिक’ नावाचा वेगळाच खेळ घेतला, त्यातली माणसं काढून मारिओ मंडळी बसवली आणि १९८८ मध्ये ‘मारिओ २’ म्हणून अमेरिकेत विकला. म्हणजे पुढचा भाग म्हणून जो गाजला तो मुळात स्वतंत्र खेळ. आता यात नवीन कुठलं आणि जुनं कुठलं, सांगा.

आमच्या परड्यात दोन तऱ्हेचे आंबे आहेत. हापूस सगळी कलमं. हापूसची कोय पुरून हापूस मिळत नाही, फांदीच बांधावी लागते. म्हणजे देवगडपासून रत्नागिरीपर्यंत जेवढा हापूस आहे तो एका परीनं एकाच झाडाचा चालू असलेला पुढचा भाग. रायवळ मात्र कोयीतून आपलं आपण उगवतं आणि प्रत्येक झाड वेगळं निघतं. आमच्याकडे एक खोबरी आहे, एक शेंदऱ्या, आणि एकाला आजोबांनी नाकाड्या नाव ठेवलं होतं, कारण फळाला नाक. तसला आंबा जगात दुसरा नाही. पण बाकीची सात-आठ झाडं अशी आंबट की कावळासुद्धा चोच पुसून जातो. नवं म्हणजे हे असं.

म्हणून कंपन्या कलमं बांधतात, आणि ते मला समजतं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका कोर्टात खेळ काढणाऱ्या सोनी कंपनीचे कागद आले. त्यावरचे आकडे काळ्या मार्करनं खोडलेले होते, पण स्कॅन केल्यावर खालचं दिसायला लागलं. ‘द लास्ट ऑफ अस’च्या दुसऱ्या भागाला २२ कोटी डॉलर आणि ‘होरायझन’च्या दुसऱ्या भागाला २१ कोटींच्या वर. इतके पैसे घातल्यावर कोण कोय पुरून बघेल? (मार्करची गोष्ट मला फार आवडते. आजोबाही उधारी अशीच खोडायचे आणि आजी वही उजेडात धरून वाचायची.)

तरी कोय पुरणारे असतात. स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा खेळ एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसानं सुमारे साडेचार वर्षं बसून केला, चित्रं, संगीत, सगळं. २०१६ मध्ये आला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. तोही एका जुन्या शेतीच्या खेळाच्या प्रेमापोटी, हे तो स्वतःच सांगतो. आपल्या पुण्यात नॉडिंग हेड्स नावाच्या छोट्या कंपनीनं २०२० मध्ये ‘राजी’ काढला, भावाला सोडवायला निघालेल्या मुलीचा. राजवाडे, झरोके, आपल्याकडचे देव-राक्षस. पाहिल्याबरोबर छाती भरून आली. मी तो लगेच विकत घेतला. भेटेल त्याला सांगितलं की अशा खेळांना आपण उचलून धरलं पाहिजे. दोन लग्नांत आणि एका बाराव्याला सांगितलं.

खेळलो किती? अर्धा तास. मग फोनवर टँक उघडला.

आता हे कुणाला सांगण्यासारखं नाही, पण लिहायला बसलोय तर लिहितो. नव्या खेळात पहिला अर्धा तास माणूस गाढव असतो. कुठलं बटण कशाला, उडी कशानं, हा माणूस आपला की परका. पंचेचाळिशीला आल्यावर गाढव व्हायला ऑफिस पुरतं. घरी आल्यावर आपल्याला जे येतं तेच करावंसं वाटतं. पुतण्याचं वय चौदा, त्यानं खरं तर गाढव व्हायला हवं, भरपूर व्हायला हवं, आणि तो मागच्या वर्षीचाच फुटबॉल दोन दिवस उतरवत बसलाय. यावर त्याला चार शब्द सुनवावेत म्हणून मी वही घेऊन खाली आलो.

“हे बघ,” म्हटलं, “तुझ्या बाबांनी आणि मी केलेली यादी.”

त्यानं ती नीट वाचली, बोट फिरवत. “म्हणजे सगळे रिपीटच होते?”

“बहुतेक.”

“आणि हे काय?”

शेवटून दुसऱ्या पानावर एक ओळ होती. ‘११३ – ?’ पुढं काही नाही. मला ते साफ आठवलं. ११३ लावला की नुसता काळा पडदा आणि टीव्हीचा गुणगुण आवाज. कॅसेट काढून फुंकर मारली, कडा बनियनला पुसल्या, अडॅप्टर गार होऊ दिला, काही नाही. दर मेमध्ये पहिल्या दिवशी आम्ही आधी ११३ लावायचो. एकशे अडुसष्टात तेवढाच एक असा होता की ज्याच्यात काय आहे ते आम्हाला ठाऊक नव्हतं. रात्री खळ्यात आडवे पडून आम्ही त्यात काय असेल ते ठरवायचो. बंड्याच्या मते त्यात समुद्र होता. माझ्या मते होडीसुद्धा.

बंड्याला तिथंच फोन लावला. पनवेलला ट्रॅफिकमध्ये अडकला होता, खुशीत बोलला.

“११३ आठवतो?”

“टँक,” तो म्हणाला.

“काय?”

“टँकच होता तो. दोनदा स्टार्ट दाबायला लागायचं. आमच्याकडे जुलैतच कळलं होतं, पहिल्याच वर्षी.”

“मग पुढच्या मेमध्ये बोलला का नाहीस?”

मागं कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. “राहिलं रे सांगायचं,” तो म्हणाला, आणि मग आंब्याच्या पेट्या कुणाबरोबर पाठवतोयस ते विचारायला लागला.

पुतण्यानं पेन पुढं केलं होतं. मी म्हटलं, राहू दे, बघू नंतर. वही परत माळ्यावर ठेवली.