चिखल पावसात असतोय, मग तुम्ही थंडीत कशाला जाता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर एरवी मी हसून विषय बदलतो. आम्ही हौसेनं गाड्या रस्ता सोडून पाणंदीत, शेतात, खाणीत चालवतो, त्याला ऑफरोडिंग म्हणतात, आणि त्यावर प्रश्न ठरलेला आहे. लग्नात, बँकेत, गाडी धुवायला दिली तिथं, कुणीतरी माझ्या गाडीचे टायर बघतंय आणि म्हणतंय, "ऑफरोडिंगला जाता काय? मग पावसात जायचं की ओ, चिखल पावसात असतोय, डिसेंबरात कोरड्या जमिनीवर काय गाडी चालवता?" विचारणाऱ्याची चूक नाही. मोबाईलवर जे व्हिडिओ फिरतात त्यात सगळीकडे चिखलच असतो, गाडी निम्मी बुडालेली, चाकं जागच्या जागी गरागरा फिरतायत आणि मागनं पोरांचा दंगा.

पहिलं कारण गाडीचं नाहीच, भाताचं आहे. आमचा ग्रुप फिरतो तो बेळगावच्या पश्चिमेचा पट्टा, म्हणजे राकसकोप, तुडये, कुद्रेमनी आणि खाली खानापूर तालुक्यात जांबोटीच्या आसपास. इथं जुलैत रोप लावण सुरू झाली की पाणंद ही शेतकऱ्याची एकुलती एक वाट असते, खताचं पोतं त्याच वाटेनं, बैल त्याच वाटेनं, डोक्यावर जेवणाची बुट्टी घेऊन बाईमाणूस त्याच वाटेनं. पावणेदोन टनाच्या सात-आठ गाड्या त्यातनं एकदा गेल्या की ती वाट पुढचे दोन महिने कुणाच्याच कामाची राहत नाही, आमचा एक रविवार मजेत जातो आणि त्या माणसाची लावण अडते. कडेनं घालू म्हटलं तर बांध फुटतोय, बांध फुटला की पाणी खालच्याच्या शेतात, आणि मग भांडण वरच्या-खालच्यांचं, आपण तोवर घरी आंघोळ करून झोपलेलो. हे मला पटत नाही. ज्यांना पटतंय त्यांनी जावं, पण आमच्या ग्रुपबरोबर नाही.

दुसरं म्हणजे पाणी. कणकुंबी, आमगाव भागात पाऊस लागला की चार महिने छत्री मिटत नाही, आणि मलप्रभा कणकुंबीच्याच डोंगरात उगम पावते, त्यामुळे खाली येईपर्यंत तिला किती पाणी असतंय ते हब्बनहट्टीला जाऊन बघा, नदीतला मारुती देवळासकट पाण्याखाली जातो. तिथं जीप घालणाऱ्याला मी शूर म्हणणार नाही. नवी थार जीप २०२० मध्ये आली तेव्हा कंपनीनं ६५० मिलिमीटर खोल पाण्यातनं जाईल असं सांगितलं, म्हणजे दोन फुटांपेक्षा थोडं जास्त, पण ते साचलेल्या पाण्याचं गणित झालं, धावतं पाणी त्याच्यापेक्षा कमी खोलीतसुद्धा गाडीला आडवी ढकलतंय.

आता थंडीत काय मिळतंय ते सांगतो.

सुगी संपते, भात कापून मळणी होते, आणि येळ्ळूर-वडगावकडच्या काळ्या जमिनीत लगेच मसूर, वाटाणा, हरभरा पेरतात म्हणून तिकडं पाय ठेवायचा प्रश्नच नाही, पण पश्चिमेच्या तांबड्या मातीतली बरीच शेतं उन्हाळ्यापर्यंत पड असतात, मालकाला विचारलं की बहुतेक हो म्हणतो, फक्त गवताच्या गंजीपासून लांब राहा म्हणतो. आणि पावसात ट्रॅक्टर-ट्रॉलीनं, बैलगाडीनं ज्या चाकोऱ्या पाडलेल्या असतात त्या ऑक्टोबरच्या उन्हात अशा वाळतात की फावडं मारलं तर ठणकन आवाज येतो. चिखल म्हणजे गाडीला कडेवर घेणारी आजी आहे हो, चुकलं तरी सांभाळून घेते. वाळलेली चाकोरी सांभाळत नाही. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची रुंदी आपल्या गाडीशी जुळत नाही, त्यामुळे एक चाक खड्ड्यात तर दुसरं वरंब्यावर, गाडी तिरकी, मधला उंचवटा गाडीखालच्या एक्सलच्या गोळ्याला घासतोय, आणि थोडं पुढं गेलं की समोरासमोरची तिरकी दोन चाकं हवेत. मग ज्या चाकाला जमीनच लागत नाही तेच फिरत बसतं. जिम्नीत असं चाक फिरायला लागलं की त्यालाच ब्रेक लागतो आणि जोर पलीकडच्या चाकाला जातो, थारमध्येही तसलं काहीतरी असतंय, आणि जुन्या जिप्सीत यातलं काहीच नाही, तिथं फक्त ड्रायव्हर. बेळगाव म्हणजे कॅम्प, मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर, त्यामुळे जिप्सी आम्ही लहानपणापासून बघत आलोय, पण तीच जिप्सी तिरक्या चाकोरीत काढायची म्हटली की भल्याभल्यांचा घाम निघतो, तोही सकाळी सातच्या थंडीत.

म्हणून आमच्याकडे निम्मा वेळ गाडी बंद असते. नवीन माणसाला हेच कळत नाही, तो येतो गाडी पळवायला आणि त्याला आम्ही चालायला लावतो. वाट आली की सगळे उतरायचं, पुढंपर्यंत पायानं जाऊन यायचं, कुठला दगड हलतोय, कुठं जमीन वरनं वाळलेली आणि आतनं ओली आहे, कुठं वळायला जागा आहे. ऊन वर आलं नसेल तर गवतावर इतकं दव असतंय की बूट भिजून जातात, आणि त्याच दवानं जांभ्यावरचं शेवाळ पुन्हा ओलं होतं, पावसात नाही इतकं घसरतं कारण लक्षातच येत नाही.

तुडयेच्या बाजूला एक जुनी चिऱ्यांची खाण आहे, मालक ओळखीचा, तिथं जायचं म्हणजे आमच्यातल्या बऱ्याच जणांचा जीव की प्राण. चिरे काढून काढून पायऱ्या झालेल्या, कडा अजून करवतीनं कापल्यासारख्या सरळ. गेल्या थंडीत आमच्यातली एक वहिनी जिम्नी घेऊन त्या उतारावर उभी होती आणि खाली वाट दाखवायला आमच्यातलाच एकटा अण्णा, हात वर करून. आमचा नियम असा की हात एकाचाच बघायचा, बाकी सगळ्यांनी तोंड बंद, कारण चार जण चार बाजूंनी "डावीकडं, डावीकडं" करायला लागले की चालवणाऱ्याचं डोकं फिरतंय. फोर-लो, म्हणजे जोर चारी चाकांना पण वेग एकदम कमी, पहिला गिअर, दोन्ही पाय पेडलवरनं काढलेले, इंजिनच गाडीला धरून ठेवतंय, अंगठे स्टिअरिंगच्या बाहेर, कारण चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग झटका देतं आणि आत अडकलेला अंगठा मुरगळतो. पुढचं डावं चाक पायरीच्या कडेवर आलं, टायर तिथं दाबला जाऊन दोन बोटं फुगला, एक क्षण तसाच, मग कर्रर्र करून तांबडी भुकटी खाली सांडली आणि चाक खाली टेकलं. अण्णानं मूठ दाखवली, म्हणजे थांब. खाली वाकून बघितलं, टायरच्या बाजूला कडा लागतेय का, आणि मग बोटानं इतकं इतकं पुढं. हे सगळं पंधरा-वीस फुटांचं काम, वेळ किती गेला कुणी बघितला नाही. खाणमालकाचे वडील शेजारी काठी टेकून उभे होते, ते म्हणाले, "बैलगाडीपेक्षा हळू चाललीया की गं बाय." वहिनी आतनं म्हणाल्या, "मामा, बैलांना डोळे असतात, हिला नाहीत."

माझ्या मते ऑफरोडिंग म्हणतात ते हे. चिखलात वेग लागतो आणि वेगात चालवणाऱ्याची अक्कल दिसत नाही, गाडी निघाली तर निघाली. कोरड्यात जमीन सगळी दिसत असते, त्यामुळे अडकलात तर सबब सांगायला काही नसतं. काही जण यामुळेच दुसऱ्यांदा येत नाहीत, असो.

थंडीची म्हणून काही वेगळी पथ्यं आहेत, ती मात्र सांगायला हवीत. टायरची हवा सकाळी बारा-चौदा डिग्रीत कमी केली आणि दुपारी तीसपर्यंत चढलं की प्रेशर आपोआप दोन-तीन पीएसआयनं वाढतं, साधारण पाच-सहा डिग्रीला एक असा हिशेब, म्हणून दुपारी परत बघायचं. आणि मातीत आम्ही अठरा-वीसपर्यंत उतरवतो पण खाणीत तितकं नाही, टायर फार मऊ केला की जांभ्याची कड बाजू फाडते, आणि बाजू फाटली की पंक्चरवाला पण हात जोडतो. ओढ्याचं पाणी सकाळी बर्फ असतंय, आणि तासभर चालून तापलेला एक्सल एकदम त्यात बुडवला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरची नळी, म्हणजे एक्सलमधली हवा आत-बाहेर करायची वाट, बुजलेली असेल तर सीलमधनं पाणी आत ओढलं जातं, नंतर तेल दुधासारखं पांढरट निघतं. म्हणून ओढ्याच्या अलीकडं थांबायचं, चहा प्यायचा, एकानं काठी घेऊन पाण्यात उतरायचं. हा चहा उगाच नसतो.

सगळ्यात भीती कशाची तर वाळलेल्या गवताची. बीएस-सिक्स डिझेल गाड्या आल्यापासून, म्हणजे २०२० नंतर, धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि तो स्वतःला साफ करताना आतलं तापमान सहाशे डिग्रीच्या आसपास जातं. त्यावेळी तुम्ही गाडी गुडघाभर वाळक्या गवतात उभी करून डबा खात बसलात तर काय होईल ते मी सांगायला नको. काजूच्या बागा शेजारी, त्यांना डिसेंबर-जानेवारीत मोहर धरलेला. आमच्याकडे प्रत्येक गाडीत आग विझवायचा सिलिंडर लागतो, तो नसेल तर अडकलेली गाडी ओढायचं कितीही भारी विंच असू दे, सोडत नाही.

आणि जंगलात जात नाही. हा दुसरा प्रश्न नेहमी येतो, "भीमगडात जाता काय?" २०११ साली ते अभयारण्य जाहीर झालं, तिथं विनापरवाना गाडी घालणं गुन्हा आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं, आणि गुन्हा नसता तरी गेलो नसतो, आत बारापेडे गुहांतली दुर्मीळ वटवाघळं आहेत, म्हादईचं पाणी तिथलंच, त्यात आपली फोर-लो कशाला?

डिसेंबर म्हटलं की आमच्याकडे बहुतेक वेळा कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन. त्यासाठीची इमारत, सुवर्ण सौध, २०१२ मध्ये झाली तेव्हापासून अधिवेशनाचे ते दहा-बारा दिवस हलग्याच्या बाजूला बंदोबस्त, शहरात लॉजला खोली नाही, म्हणून आम्ही मुद्दाम उलट्या दिशेला जातो. पण सीमाभागातलं तुम्हाला माहीत आहे, वातावरण तापलं की पहिली नजर नंबरप्लेटवर. २०२२ च्या डिसेंबरात हिरेबागेवाडीला महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, त्या रविवारी चंदगडचे आमचे एमएच ०९ वाले घरीच बसले आणि आम्हीच सीमेपलीकडं शिनोळीला गेलो, केए २२ घेऊन. गंमत अशी की एकाच पाणंदीत पुढची गाडी महाराष्ट्रात आणि मागची कर्नाटकात असते, वॉकीटॉकीवर कुणीतरी "चला, परदेश आला" म्हणतंच, आणि बांधावरच्या माणसाला विचारलं तर तो दोन्हीकडं शेत असलेला, त्याला काय फरक पडतोय.

खाण्याचं काय, तर तांदळाची भाकरी, लसणाची चटणी, कुणाच्या घरनं सुकी मच्छी, परतताना जांबोटीला गरम भजी. कुंदा कुणी आणत नाही, तो पाहुण्यांसाठी.

यायचं असेल तर गाडी फोर-बाय-फोर नसली तरी चालतंय. तुमची कार डांबरी रस्त्याला टपरीसमोर लावा, आमच्यात कुणाच्या तरी बाजूची सीट रिकामी असतेच. स्वेटर, जास्तीचे मोजे आणि भिजले तरी चालतील असले बूट आणा, कारण ओढा आला की काठी घेऊन आधी पाण्यात कोण उतरणार हे ठरलेलं आहे, ते काम नवीन माणसाचं.