तुम्ही विचारलंत म्हणून : आधी समुद्र की आधी फुले?

पुढ्यात रानफुले आणि मागे समुद्र असे निसर्गचित्र जलरंगात शिकू पाहणारे बहुतेक जण मला विचारतात, की आधी काय रंगवावे. रंग आधी समुद्राला लावावा. मात्र त्यापूर्वी फुलांच्या जागा पेन्सिलीने हलक्या राखून ठेवाव्यात, कारण पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कागदच असतो आणि गडद थरावर फिका रंग उठून दिसत नाही.

सरावासाठी मुंबईतल्या गोराई-मनोरीकडच्या वाळूत, भरतीच्या रेषेच्या वर पसरणारी मर्यादवेल मला सर्वांत सोयीची वाटते. तिची फुले सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत मिटू लागतात, तेव्हा उन्हे चढण्याआधीच बसावे. फूल जांभळट गुलाबी, कंठाशी अधिक गडद, आणि पाकळ्या जुळून त्याचे एकच नरसाळे झालेले असते. त्यामुळे पाच सुट्या पाकळ्या काढणाऱ्याच्या कागदावर हटकून सदाफुली उगवते! खरे तर फूल रंगवायचेच नसते, त्याच्या मागचे पान रंगवायचे असते. आपट्यासारख्या दुभंगलेल्या त्या पानाचा गडद हिरवा राखलेल्या जागेच्या कडेपर्यंत नेला की फूल आपोआप पुढे येते, मग आत गुलाबीचा एक पातळ हात पुरतो. अगदी जवळच्या दोन-तीन फुलांनाच अशी स्पष्ट कड द्यावी. लांबची नुसते ठिपके राहिली, तरच मधली वाळू लांबवर पसरल्यासारखी वाटते.

समुद्राला ट्यूबमधला निळा जसाच्या तसा लावू नये. आपला समुद्र, विशेषतः पावसाळ्यात, गढूळ करडा असतो आणि तो करडा अल्ट्रामरीन या गडद निळ्यात बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळून छान मिळतो. क्षितिजाकडे त्यात पाणी वाढवावे. पावसाळी हवेत कागद लवकर वाळत नाही, आणि अर्धवट ओल्या थराला पाण्याने भरलेला ब्रश लागला की फाटक्या कडांचे डाग पडतात. तेवढा वेळ ब्रश खाली ठेवून भरती पाहत बसावे.

फुले झाकून ठेवायला मास्किंग फ्लुइड, म्हणजे वाळल्यावर रबरासारखे सोलून काढता येणारे द्रावण, वापरावे का, असेही विचारले जाते. वापरायला हरकत नाही, पण ते उन्हात तापू देऊ नये आणि रंग पूर्ण वाळताच त्याच दिवशी काढावे, नाहीतर कागदाचा पापुद्रा सोबत निघतो. मी स्वतः ते टाळतो, कारण त्याने फुलांच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या येतात.