आर-४५४सीचा हिशोब जुळेना तेव्हा: माझा अनुभव

आर-४०४ए हा थंडाव्याच्या यंत्रांतला गॅस, आणि आर-४५४सी (आर-३२ आणि आर-१२३४वायएफ यांचं मिश्रण) त्याच्या जागी आणायचा नवा गॅस. आर-४०४एचा जीडब्ल्यूपी, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत पृथ्वी तापवण्याची क्षमता, ३,९२२, आर-४५४सीचा १४८. बदल करायचा तर नवा गॅस कंडेन्सरमध्ये (गॅस थंड करून द्रव करणाऱ्या भागात) उष्णता किती चांगली सोडतो, हे आधी मोजायला हवं. चाचणीची रिग तीच ठेवली: पाण्यावरचा प्लेट कंडेन्सर, पीओई तेल, लिक्विड लाइनवर कोरिओलिस मीटर (किती किलो द्रव वाहतो ते मोजणारा). व्हॅक्यूमचा दाब पाऱ्याच्या ५०० मायक्रॉनच्या खाली नेला, पंप बंद करून तो टिकतो का पाहिलं, गॅस लिक्विडमध्येच भरला. मिश्रण व्हेपरमध्ये भरलं की आर-३२ आधी निघून येतो आणि प्रमाण बिघडतं. इथवर काही अडचण नव्हती.

अडलं ते उष्णतेच्या हिशोबात. मिनिटाला १० लिटर पाणी ५ अंशांनी तापलं म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट. गॅसच्या बाजूचा आकडा मात्र त्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त, आणि मीटरचा काटा एका जागी थांबेना. सेन्सर बर्फाच्या पाण्यात तपासले, मीटरचा शून्य पुन्हा घेतला, इन्सुलेशन बदललं. सगळं व्यर्थ, आणि दिवस गेले ते यातच.

चूक सबकूलिंगमध्ये, म्हणजे द्रव त्याच्या उकळबिंदूखाली किती थंड झालाय त्या आकड्यात होती. एकाच दाबाला मिश्रण द्रव व्हायला लागतं ते तापमान ड्यू, पूर्ण द्रव होतं ते बबल, आणि दोन्हींतला फरक म्हणजे ग्लाइड. आर-४०४एचा ग्लाइड जेमतेम अर्धा अंश, त्यामुळे दाब-तापमानाच्या तक्त्यातला कुठलाही रकाना पाहिला तरी चालायचं. आर-४५४सीचा ग्लाइड सुमारे ७ अंश आहे. समजा ड्यू ४५, बबल ३८ आणि कंडेन्सरबाहेरची पाइप ३८ वर. ड्यूवरून काढलं तर सबकूलिंग ७ अंश दिसतं, खरं तर ते शून्य आहे. आम्ही ड्यूवरूनच काढत होतो. साइट ग्लासला (पाइपवरच्या काचेच्या खिडकीला) टॉर्च लावला तेव्हा बारीक बुडबुड्यांची माळ सरळ मीटरकडे जाताना दिसली. गॅस पूर्ण द्रव झालाच नव्हता, आणि आम्ही एन्थाल्पी (दर किलोमागची उष्णता) मात्र सबकूल्ड द्रवाची धरत होतो. आकडा फुगणारच.

म्हणून सबकूलिंग नेहमी बबलवरून, सुपरहीट (वाफ ड्यूच्या वर किती तापली) नेहमी ड्यूवरून. कंट्रोलरमध्ये कोणता रकाना भरलाय तेही उघडून पाहा, आमच्या कंट्रोलरमध्ये एकच होता. मग ५०-५० ग्रॅम गॅस वाढवत बबलखाली खरे ४ अंश मिळवले, अर्धा तास स्थिर ठेवून रीडिंग घेतलं, आणि दोन्ही बाजू ३ टक्क्यांत आल्या. त्या क्षणी खरंच हायसं वाटलं.

पुढे विल्सन प्लॉट: गॅसची बाजू तशीच ठेवून पाण्याचा प्रवाह बदलायचा आणि उष्णतेला होणारा पाण्याचा रोध वेगळा काढायचा. पाण्याच्या तापमानातला फरक २ अंशांवर आणू नका. दोन सेन्सर ०.१-०.१ ने उलट दिशांना चुकले तर ५ अंशांवर ४ टक्के चूक होते, २ अंशांवर १० टक्के.

गॅसच्या कमी प्रवाहाची रीडिंगं टाळू नका, मिश्रणाचा दोष तिथेच जास्त दिसतो. आर-१२३४वायएफ आधी द्रव होतो, मागे उरलेला आर-३२ द्रवाच्या पृष्ठभागाशी साचतो, आणि त्यातून वाट काढताना गॅसला जास्तीचा रोध लागतो. पाणी गॅसच्या उलट दिशेनेच सोडा, समांतर जोडलं तर ग्लाइडचा फायदा हातचा जातो.

एक राहिलंच. बंद रिगमध्ये दाब आणि तापमान जुळवून हवा शिरली का ओळखायची जुनी युक्ती इथे भरवशाची नाही. ग्लाइडच्या गॅसचा दाब बबल आणि ड्यूच्या मधे कुठेही असू शकतो. शंका आली तर गॅस काढून घ्या आणि व्हॅक्यूम पुन्हा करा. गॅस ए२एल वर्गातला, म्हणजे सौम्य ज्वलनशील आहे, तेव्हा रिकव्हरी मशीन त्यासाठीचंच वापरा.