हा रंग कारखान्यातलाच का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. जुन्या अमेरिकन ड्रम सेटचा फोटो पाठवून बहुतेक जण एकच गोष्ट विचारतात: हा रंग कारखान्यातलाच आहे, की नंतर कोणी चढवलाय? फोटो हमखास समोरून काढलेला असतो, स्वच्छ पुसून, छान उजेडात. पण समोरच्या बाजूवरून या प्रश्नाचं उत्तर मिळतच नाही, कारण रंग बदलणारा सगळी मेहनत तिथेच घेतो. मला बघायची असते ती शेलची, म्हणजे ड्रमच्या लाकडी पिंपाची वरची कड, त्यावरच्या आवरणाचा म्हणजे रॅपचा सांधा, आतली बाजू आणि लगच्या, म्हणजे हेड ताणणारे स्क्रू ज्यात बसतात त्या शेलवरच्या धातूच्या तुकड्याच्या खालची जागा.

१९५० आणि ६० च्या दशकांतल्या बहुतेक सेटवर ज्याला आपण रंग म्हणतो, तो लाकडी शेलवर चिकटवलेला प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, म्हणजेच रॅप. व्हाइट मरीन पर्ल, शॅम्पेन स्पार्कल, ऑयस्टर ब्लॅक पर्ल ही रॅपचीच नावं. त्याआधीच्या पिढीच्या ड्रमवर ड्युको सापडतो, मोटारींसाठी आलेलं नायट्रोसेल्युलोज लॅकर. त्याच्या खुणा वेगळ्या आणि त्याबद्दल खाली थोडं लिहितो, पण विचारणा होते ती मुख्यतः रॅपचीच.

त्यातही ऑयस्टर ब्लॅक पर्लची. बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार याने १९६३ मध्ये लंडनमध्ये त्या रॅपचा, लुडविग या अमेरिकन कंपनीचा सेट घेतला आणि ९ फेब्रुवारी १९६४ ला एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात सुमारे ७ कोटी ३० लाख अमेरिकन प्रेक्षकांनी तो पाहिला. त्यानंतर शिकागोच्या डेमन अव्हेन्यूवरच्या लुडविगच्या कारखान्याकडे मागणीचा लोंढा लागला. आज त्याच काळातल्या, पण कमी मागणीच्या रॅपचे शेल सोलून त्यांवर नव्याने तयार केलेला ऑयस्टर ब्लॅक चढवला जातो. असा सेट वाजतो छान. तो नूतनीकरण केलेला म्हणून विकला तर माझी काही हरकत नाही. 'सगळं मूळ' म्हणून विकला जातो तेव्हा मात्र मनापासून राग येतो, कारण एक अस्सल शेल त्याचा इतिहास पुसून बाजारात आलेला असतो.

तर सांधा. हूप (हेड दाबून धरणारं कडं) आणि हेड (ज्यावर वाजवतात तो पडदा) काढा, शेल टेबलावर ठेवा आणि वरच्या कडेवर तिरपा उजेड पाडा. साठच्या दशकातल्या लुडविगच्या पुष्कळ शेलमध्ये रॅप बाहेरच्या प्लायवर (लाकडाच्या पातळ थरावर) आधी चिकटवलेला असे आणि शेल गोल वळवला जाई तो त्यानंतर. म्हणून कडेवरून बघताना रॅपचं टोक लाकडाच्या जोडात आत शिरलेलं दिसतं, केसाएवढ्या जाड रेघेसारखं. नंतर रॅप चढवणाऱ्याच्या हाती तयार, बंद शेल असतो. त्या जोडात टोक खुपसणं त्याला शक्य नाही. तो एक टोक दुसऱ्यावर घेतो आणि बाहेरून चिकटवतो. याचा अर्थ टोकावर टोक दिसलं की रॅप नकली, असा मात्र घेऊ नका. त्या पद्धतीने रॅप लावणारे कारखानेही होते. टोक आत शिरलेलं असेल तर तो भक्कम पुरावा, नसेल तर पुढे बघायचं.

पुढे म्हणजे आत. ड्रमच्या आतल्या बाजूला कोणी रंगरंगोटी करत बसत नाही, त्यामुळे ती सहसा खरं बोलते. लुडविगच्या शेलला आतून साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत पांढरा रंग असे, मग रेझाकोट नावाचा करड्या ठिपक्यांचा लेप आला आणि १९६८ च्या सुमारास तो जाऊन आतलं मेपल उघडं दिसू लागलं. ग्रेच ही दुसरी ड्रम कंपनी आतून रुपेरी रंग देत असे. यावरून रॅप सिद्ध होत नाही, पण शेलचा काळ कळतो आणि त्या काळाशी रॅप जुळतो का, हे ताडता येतं. मॉड ऑरेंज आणि सायकेडेलिक रेड हे लुडविगचे रॅप साठच्या दशकाच्या अखेरचे. आतून पांढऱ्या शेलवर बाहेर मॉड ऑरेंज दिसला, तर प्रश्न विचारायलाच हवा.

आत बघतानाच भोकं तपासा. एखादं भोक आतून दिसतं आणि बाहेर त्याच जागी रॅप अखंड आहे, असं असेल तर दुसरा पुरावा शोधायची गरज नाही. ते भोक पाडलं तेव्हा हा रॅप तिथे नव्हता.

मला सगळ्यात आवडते ती लगखालची जागा. एक लग सोडवा, एकच पुरे. रॅपवरचा पारदर्शक थर उजेडाने पिवळा पडत जातो, म्हणून निळा स्पार्कल हिरवट दिसू लागतो, चंदेरी स्पार्कल शॅम्पेनसारखा आणि पांढरा मोती साईसारखा. लगखाली उजेड पोचत नाही. मूळ ब्लू स्पार्कलचा लग बाजूला केला की त्याच्याच आकाराचा लख्ख निळा ठसा समोर येतो आणि भोवतीचा हिरवा किती हिरवा झालाय, ते तेव्हा लक्षात येतं. तो ठसा लगच्या कडेशी तंतोतंत जुळायला हवा. सेट वर्षानुवर्षं खिडकीशी उभा असेल तर एकाच ड्रमची एक बाजू हिरवी आणि दुसरी बरीच निळी असते. रॅप नवा असेल तर लगच्या आत आणि बाहेर रंग सारखाच.

बॅज, म्हणजे कंपनीच्या नावाची धातूची पट्टी, मात्र काढू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. तो मधल्या आयलेटने, म्हणजे धातूच्या पोकळ रिव्हेटने, शेलमध्ये दाबून बसवलेला असतो आणि एकदा उचकटला की पूर्वीसारखा बसत नाही. उलट आयलेट वेडावाकडा किंवा नवाकोरा दिसला तर बॅज आधीच निघालेला आहे, आणि तो बहुतेक वेळा रॅप बदलतानाच निघतो. बॅजवरच्या क्रमांकावर फार भिस्त ठेवू नका. लुडविगचे क्रमांक तारखांच्या क्रमाने काटेकोर जात नाहीत. आत लाल शाईचा तारखेचा शिक्का असेल तर मी त्यालाच मान देतो.

ड्युकोचं थोडक्यात. जुन्या नायट्रो लॅकरवर अंधारात अतिनील दिवा धरला की ते पिवळसर हिरवट चमकतं आणि नंतर मारलेल्या रंगाचे ठिगळ त्यात वेगळे उठून दिसतात. बॅजच्या कडेवर रंगाचे कण किंवा चिकटपट्टीची रेघ दिसली, तर दिव्याचीही गरज नाही. आणि रॅप सेल्युलॉइडचा आहे का, हे जाळून बघायचा सल्ला कुठे मिळाला तर कृपा करून ऐकू नका. सेल्युलॉइडमधलं सेल्युलोज नायट्रेट भयंकर पेट घेतं.

कॅटलॉगमध्ये तो रॅप नाही म्हणून तो खोटा, असंही नाही. कारखाने खास मागणीनुसार सेट बनवून देत. अशा वेळी सांधा, आतली बाजू आणि लगखालचा ठसा तिन्ही एकमेकांशी जुळत असतील, तर मी कॅटलॉगपेक्षा ड्रमवर विश्वास ठेवतो.

गोव्यातून किंवा मुंबईतून विचारणारे असतात, त्यांच्या घरातल्या आजोबा-काकांनी डान्स बँडमध्ये वाजवलेले सेट असतात. आयातीवर निर्बंध असलेल्या काळात नवा रॅप कुठून आणणार? कोणी ब्रशने रंग दिला, कोणी सनमायका लावला. तो रंग कारखान्याचा नाही, पण वाजवणाऱ्याने आपलं वाद्य चालू ठेवण्यासाठी दिलेला आहे. तो खरवडून मूळ रॅप शोधण्याची घाई करू नका. खाली रॅप शिल्लक आहे की नाही, हे एक लग सोडवून कळतं.

यापुढे फोटो पाठवाल तेव्हा हेड काढून चार पाठवा: सांध्याजवळची वरची कड जवळून, आतली बाजू शिक्क्यासह, बॅजचा आयलेट आणि एका लगखालची जागा. लगचे स्क्रू परत लावताना हाताने घट्ट करा, पॉवर ड्रिल वापरू नका, नाहीतर जुन्या रॅपला भोकाशी तडा जातो.