दोन माद्यांची जोडी

काही वर्षांपूर्वी जुन्या वस्तूंच्या एका दुकानातून मी हिरव्या-पिवळ्या झिलईच्या चिनी सिंहांची वीतभर उंचीची जोडी विकत घेतली आणि घरी कपाटात मांडताना लक्षात आले, की दोघांच्याही डाव्या पंजाखाली छावाच आहे. द्वाररक्षक सिंहांमध्ये नराच्या उजव्या पंजाखाली चेंडू असतो आणि मादीच्या डाव्या पंजाखाली छावा, म्हणजे मी जोडीची किंमत देऊन दोन माद्या आणल्या होत्या. दुकानदाराने सांगितलेले ‘कांगशी काळातले’ हे वर्णनही फार टिकले नाही, कारण ओल्या फडक्याने बूड पुसताच तिथला प्राचीन तपकिरी रंग फडक्यावर उतरला.

फसवणुकीने एवढे मात्र केले, की मी खऱ्या कांगशी सिंहांच्या मागे लागलो. सम्राट कांगशीची कारकीर्द १६६२ ते १७२२ अशी धरतात. १६७४ च्या सुमारास झालेल्या बंडाच्या धामधुमीत जिंगदेझेन या चिनी मातीच्या वस्तूंसाठी प्रसिद्ध असलेल्या गावातल्या भट्ट्या उद्ध्वस्त झाल्या होत्या. १६८३ पासून त्या पुन्हा नीट लागल्या आणि तिथे चिनी मातीचे हे छोटे सिंह घडू लागले. साच्यातून काढलेले पोकळ भाग पातळ मातीने जोडत, आधी झिलईविना कडक आचेवर भाजत आणि मग शिशाची रंगीत झिलई देऊन कमी आचेवर पुन्हा भाजत. हिरवा रंग तांब्याचा, पिवळा लोहाचा, वांगी रंग मँगनीजचा. शिशाची झिलई भट्टीत पातळ होऊन वाहते, त्यामुळे आयाळीच्या खाचांत ती गडद साचते आणि कुरळ्यांच्या टोकांवर फिकी पडते. चांगल्या नमुन्यात सगळी जादू या एका गोष्टीत असते, असे माझे मत आहे.

चौथऱ्यावर बसलेल्या या सिंहाच्या बाजूला एक बारीक नळी असते. ती उदबत्तीसाठी आहे, कारण हे सिंह मुळात देव्हाऱ्यापुढे ठेवायचे. युरोपात गेल्यावर त्यांची शोभेची वस्तू झाली, आणि पाश्चात्त्य व्यापाऱ्यांनी त्यांना ‘फू डॉग’ असे भलतेच नाव चिकटवले. ‘फू’ हे बुद्धाच्या चिनी नावावरून आले असावे. पण कुत्र्याचा इथे काहीही संबंध नाही, चिनी माणूस त्याला सिंहच म्हणतो.

हा सिंह आहे मात्र मोठा विलक्षण. डोळे बटबटीत, आयाळ शंखासारख्या वळ्यांची, शेपूट झाडूसारखी. चीनमध्ये सिंह कधी रानात नव्हतेच. इसवी सन ८७ मध्ये पार्थिया या प्राचीन इराणी राज्याकडून चीनच्या हान घराण्याच्या दरबारात सिंह भेट आल्याची नोंद आहे, पण असे प्राणी सामान्य कारागिराच्या नजरेला कुठून पडणार? त्याच्यापर्यंत सिंह पोहोचला तो मुख्यतः बौद्ध धर्माबरोबर, मंजुश्री या बोधिसत्त्वाचे वाहन आणि धर्माचा राखणदार म्हणून. कार्ल्याच्या चैत्यगृहासमोरचा सोळा पैलूंचा स्तंभ आणि त्यावरचे चार सिंह पाहताना मला हटकून या भावंडांची आठवण होते. कार्ल्याचे सिंह प्राण्यासारखे दिसतात. जिंगदेझेनचे पाहून मात्र कारागिराने घरचा केसाळ कुत्रा समोर बसवला असावा, अशी शंका येते, आणि मग ‘डॉग’ म्हणणाऱ्यांना अर्धी माफी द्यावीशी वाटते.

आता कुठेही असा सिंह हाती आला, की मी तोंडाकडे न पाहता आधी तो उलटा करतो. बुडाशी झिलई नसलेली माती उघडी दिसते का, काठ खरोखर वापराने झिजला आहे का, आणि नळीचे तोंड मोकळे आहे का, एवढे पाहून मगच पंजाखाली काय आहे ते बघतो.

माझ्या दोन माद्यांपैकी एकीची नळी झिलईने पुरती बुजली आहे, तेव्हा तिथे उदबत्ती कधी उभी राहिलीच नसणार. दुसरीच्या नळीत मी दर गुरुवारी उदबत्ती लावतो आणि तिची राख नेमकी छाव्याच्या डोक्यावर पडते.