नाशिकची आणि मार्लबरोची सोव्हिन्यॉं
न्यूझीलंडच्या मार्लबरोची आणि आपल्या नाशिकची सोव्हिन्यॉं ब्लाँ ही पांढरी वाइन शेजारी शेजारी ओतून बघाच एकदा, द्राक्ष तेच पण मार्लबरोच्या ग्लासात नाक घातलं की पॅशनफ्रूट, कापलेलं गवत आणि मग जिभेच्या कडांना पाणी सुटेल असा आंबटपणा, नाशिकची त्यामानाने मऊ, पेरू आणि ढोबळी मिरचीचा वास. तिकडे रात्री थंड असतात म्हणून आंबटपणा टिकतो, नाशिकला द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्येच काढतात, कडक ऊन लागायच्या आत. रेड वाइनमध्ये मला नाशिकची शिराझ (शिराझ द्राक्षाची वाइन) फार आवडते, काळी मिरी मस्त जाणवते, फक्त रूम टेंपरेचरला देऊ नका हो, आपल्याकडे रूम ३० डिग्री असते! तास-दीड तास फ्रीजमध्ये ठेवा, १६-१८ डिग्रीला आली की अल्कोहोलचा भपका कमी होतो आणि फळाची चव कळते.